उसन्या पाट्या

गाड्यांच्या मागे लावायची चमकणारी टेप दस्तगीर पेंटरनं आयुष्यात किती हात कापली असेल, त्याला गणती नाही. पण त्या टेपची खरी गोम त्याला फार उशिरा कळली. खोडदला रेडिओ-दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेनांवर नोकरीला असलेला एक जण मंचरला त्याच्या दुकानात मोटारसायकलची नंबरप्लेट रंगवायला आला होता. चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, "ही टेप स्वतः कधी उजळत नाही. उजेड पडला तरच चमकते. आणि पडलेला उजेड ती इकडंतिकडं उधळत नाही, जिथून आला तिथंच परत धाडते. म्हणजे टेप ज्याला चमकताना दिसते, उजेड त्याच्या पाठीमागून आलेला असतो."

दस्तगीरच्या हातातली बशी कलंडली. चहा पायजम्यावर सांडला तरी तो उठला नाही, कारण त्याआधी दोन महिने रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात दोन तांबड्या पाट्या चमकत होत्या आणि त्याच्या पाठीमागे कुणीही नव्हतं.

त्या पाट्यांचा बाप दस्तगीरच. म्हणून आधी त्यांच्या जन्माची कथा सांगायला हवी, आणि ती सांगताना हसू येतं याला इलाज नाही.

सत्त्याण्णव साली नियम निघाला की मागे चमकणारी तांबडी टेप नसेल तर उसाच्या ट्रॉलीला हंगामाचा पास मिळणार नाही. नियम चांगलाच होता. अंधारात रस्त्याकडेला उभी राहिलेली उसाची ट्रॉली म्हणजे मरणच, हे निरगुडसर-लोणीच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण नियम आला की माणसाची अक्कल तो पाळण्याआधी चुकवायला धावते. निरगुडसरच्या चांगदेवभाऊंच्या भावकीत सहा ट्रॉल्या होत्या. चांगदेव दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "दस्तगीर, तपासनी एकच दिस. उसाची कांडी घासली की टेप आठ दिसांत सोलून निघनार. एका दिसासाठी सहा पोरींना दागिनं कशाला करायचं? एकीचं दागिनं सहा जनी घालतील."

बघायला पाहुणे आले की शेजारणीची मोहनमाळ घालून पोरगी पुढे बसवतात, तसा हा हिशेब. दस्तगीरच्या कारागिरीला चेव चढला. त्यानं पत्रा कापला, नाना पेठेतून आणलेली तांबडी टेप त्यावर चिकटवली आणि पाठीला सळईचे हूक जोडले. पाटी ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला अडकवायची, काम झालं की काढून घ्यायची. डाव्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात टेप दोन बोटं कमी पडली, तिथं पत्रा उघडाच राहिला.

तपासणीच्या दिवशी एक ट्रॉली पास होऊन पुढे गेली की पाट्या गोणपाटात गुंडाळून कारखान्याच्या कंपाउंडच्या भिंतीवरून मागच्या ट्रॉलीकडे यायच्या. चौथ्या ट्रॉलीला तपासणीच्या साहेबांना शंका आली. "काय हो, सगळ्यांच्याच डाव्या पाटीचा कोपरा कसा गेलाय?" चांगदेव म्हणाला, "साहेब, एकाच कारागिराचा हात हाय. त्याचा डावा डोळा जरा अधू हाय." बाजूला उभ्या असलेल्या दस्तगीरनं लगेच डावा डोळा बारीक केला. त्या दिवशी सगळे पोट धरून हसले. पुढची तीन वर्षं हंगामाच्या तोंडाला हेच चालू होतं.

एरवी पाट्या चांगदेवच्या गोठ्यात, माळ्यावर, जुन्या लुगड्यात बांधलेल्या असत. दसऱ्याला कोयत्या-पहारींबरोबर त्यांनाही हळदकुंकू लागे. रस्त्यावर मात्र त्या कधी गेल्या नाहीत.

दोन हजार एकचा फेब्रुवारी. दस्तगीर चांगदेवच्या नव्या ओट्यावर नाव रंगवायला निरगुडसरला गेला होता. दिवेलागण होऊन गेली होती, तो ब्रश धूत होता, तेवढ्यात लोणीकडून एक जण सायकल दामटत आला. चांगदेवचा धाकटा मुलगा भरत ऊस घेऊन येत असताना लोणीच्या अलीकडच्या बाभळीच्या वळणावर ट्रॉलीचं टायर फुटलं होतं. त्यानं मागे बाभळीची फांदी टाकली, तीन दगड ठेवले आणि जॅक आणायला वस्तीवर गेला. तेवढ्यात मागून मोटारसायकल येऊन ट्रॉलीवर आदळली. मोटारसायकलवर चांगदेवचाच थोरला मुलगा होता, सुदर्शन. मंचरच्या डेअरीतलं काम संपवून लोणीला एकाकडे निरोप द्यायला गेला होता, तिथून घरी निघालेला.

चांगदेव आणि दस्तगीर स्कूटरवरून तिथं पोचले तेव्हा सुदर्शनला जीपमधून नेलं होतं. उरलेल्या माणसांच्या तोंडाकडे बघूनच काय ते कळलं. मोटारसायकल ट्रॉलीखाली अडकली होती. भरत जॅक मांडीवर घेऊन रस्त्यावर बसला होता. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे लोंबत होते, आणि त्यांच्याखाली होता तो नुसता काळा पत्रा.

चांगदेव बराच वेळ त्या पत्र्याकडे बघत उभा राहिला. मग दस्तगीरच्या कानाशी येऊन म्हणाला, "पोलीस यायच्या आत पाट्या घिऊन ये."

"भाऊ…"

"एक गेला माझा. दुसऱ्याला बेड्या पडाय नको. जा, तुझ्या पाया पडतो."

दस्तगीर गेला. अशा वेळी कोण नाही म्हणेल? मागच्या बाजूनं गोठ्यात शिरून त्यानं लुगड्याची गाठ सोडली आणि पाट्या घेऊन आला. वाढे बाजूला सारून स्वतःच्या हातानं हूक अडकवले. हवालदार आल्यावर त्यांनी लांबून बॅटरी मारली आणि पाट्या लखकन चमकल्या. ते म्हणाले, "चांगल्या दिसताहेत की. गडी भरधाव असणार." त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. कागदावर चूक सुदर्शनची झाली, आणि जी चूक कागदावर चढते तिला मेलेला माणूस काय उत्तर देणार?

सहाही ट्रॉलीवाल्या घरांना खरं माहीत होतं. सहाही घरांनी तोंडात मूग धरले. इतकंच नाही, तर सुदर्शन गाडी लई जोरात हाकायचा असं पारावर सगळ्यांत मोठ्यानं तेच सांगत. ज्याला खोटं ठाऊक असतं त्यालाच ते घोकावं लागतं.

तेराव्यानंतर चांगदेव लुगड्याचं गाठोडं घेऊन दुकानात आला. "ह्या तुझ्या तुला. माझ्या घरात नगंत," एवढं बोलून निघून गेला. दस्तगीरनं पाट्या आतल्या भिंतीला खिळ्यांवर अडकवल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून कामाला लागला.

त्या दिवसांत संध्याकाळी वीज जायची. सव्वासात वाजले असतील. दस्तगीर अंधारात मेणबत्ती चाचपडत होता, तेवढ्यात भिंतीवरच्या पाट्या अगदी फिकट, विस्तवाच्या राखेखाली दिसावं तशा तांबड्या झाल्या. एखादी गाडी बोळात वळली असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की बोळ बंद आहे, तिथं हातगाडीसुद्धा वळत नाही. पाट्या हळूहळू उजळत गेल्या. लांबून एखादा दिवा जवळ जवळ यावा तशा. कसलाच आवाज नव्हता. चांगल्या लालभडक झाल्या आणि एकदम विझल्या.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पाट्यांभोवतीची भिंत मात्र काळीच राही, तिच्यावर उजेडाचा थेंब पडत नसे. दस्तगीरनं पाट्यांवर गोणपाट टाकलं, तर विणीतून तांबडे ठिपके दिसायला लागले. पाट्या उलट्या करायला तो गेला, पण त्याचे हात पुढे होईनात. साबेरानं, त्याच्या बायकोनं, ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "उठाके डाल देव ना घोडनदी में."

"माझी वस्तू असती तर टाकली असती," दस्तगीर म्हणाला. "ती आता त्या गेलेल्या पोराची आहे."

मग तो खोडदचा माणूस येऊन गेला. त्या संध्याकाळी दस्तगीर मुद्दाम पाट्यांसमोर तोंड करून उभा राहिला. सव्वासातला पाट्या उजळल्या, आणि डाव्या पाटीवर, त्या तुटक्या कोपऱ्याच्या वर, एक काळा गोल दिसला. तो नीट निरखून पाहायला पुढे झाला तसा गोलही हलला. त्याच्याच डोक्याची सावली होती ती. उजेड त्याच्या मागून येत होता, आणि जवळ येत होता. मागून हाक आली तर वळू नये, असं लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इथं तर हाकही नव्हती. तो डोळे मिटून आकडे मोजत राहिला. डोळे उघडले तेव्हा अंधार होता. त्यानं तीसपर्यंत मोजलं होतं.

रोज तीसच. तो रोज मोजायला लागला. पाट्या दोनशे पावलांवरून दिसतात हे त्याला ठाऊक होतं, कारण करताना त्यानंच रस्त्यावर पावलं टाकून पाहिलं होतं. दोनशे पावलं तीस आकड्यांत? अंगात जोर असलेला सायकलवालाही याहून लवकर येईल. भरधाव कसला, सुदर्शन खड्डे चुकवत, सांभाळून आला होता. आणि आता रोज त्याच वेळेला पुन्हा येत होता. कागदावर लिहिलं होतं की पाट्या होत्या. बिचारा त्या कुठं होत्या ते बघायला येत असेल, असं दस्तगीरच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटलं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा शरम मोठी होती.

दसऱ्याच्या आसपास सुदर्शनची बायको अश्विनी दुकानात आली. बाजाराचा दिवस होता, हातात पिशवी होती. लग्नाला तीन वर्षं झालेली सून. पुरुषांच्या तपासणीच्या गमती तिला कुणी सांगितल्या नव्हत्या. दसऱ्याच्या पूजेत पाट्या दिसायच्या, त्या हंगामात ट्रॉलीवर असतात असंच ती समजून होती. स्टुलावर न बसता ती म्हणाली, "चाचा, त्या पाट्या तुमीच केल्या ना? किती लांबनं दिसत्यात?"

दस्तगीरनं ब्रश खाली ठेवला. "दोनशे पावलं."

"दोनशे?" तिनं आतल्या भिंतीकडे बघितलं. दिवसाच्या उजेडात त्या नुसत्या तांबड्या पाट्या होत्या. "मग दोनशे पावलांत त्यांना दिसलं न्हाई? कुठं बघत व्हते हे? एवढी घाई कसली व्हती? घरात लहान लेकरू हाय, ह्याचं भान नगं?" तिचा आवाज चढला आणि मग बसला. "चाचा, लोक म्हनत्यात सून दगडाची हाय. मी रडलेच न्हाई अजून. रडू यायच्या आधी रागच येतो मला त्यांचा."

खरं दस्तगीरच्या जिभेवर आलं होतं. पण त्यानं चांगदेवला शब्द दिला होता, आणि भरत डोळ्यांसमोर उभा राहिला. तो म्हणाला, "अंधारात होतं असं, पोरी." ती मान हलवून गेली. दस्तगीर दिवसभर स्वतःला शिव्या घालत बसला.

त्याच संध्याकाळी त्यानं निरगुडसर गाठलं. चांगदेव गोठ्यात वैरण टाकत होता. दस्तगीरनं अश्विनीचं सांगितलं, पाट्यांचंही सांगितलं. "भाऊ, रोज येतोय तो. सावकाश येतोय. निदान त्या पोरीला तरी खरं सांगा."

चांगदेवनं वैरणीची पेंढी खाली टाकली. "पेंटर हाईस, पेंटरच राहा. देवऋषी हू नगं. जो गेला त्याला नाव ठेवलं म्हनून काय दुखनार हाय? जो हाय त्याचं बघाय नगं का मला?"

"दुखत नसतं तर आला असता का?"

"चालता हो," चांगदेव म्हणाला.

मग दोघांचं बोलणं बंद झालं. नवा हंगाम सुरू झाला. त्या वर्षी चांगदेवनं पाट्या मागितल्या नाहीत, तपासणीला कुठून काय आणलं कोण जाणे. भरत ट्रॅक्टरवर बसायचा, पण अंधार पडायच्या आत ट्रॉली कुठल्या तरी वस्तीवर लावून घरी चालत यायचा. कुणी विचारलं तर काही सांगत नसे.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी चांगदेव पुन्हा दुकानाच्या पायरीवर आला. सुदर्शनचा फोटो त्यानं आठवडाभरापूर्वी कुणाच्या तरी हाती पाठवला होता, काचेखाली नाव-तारीख लिहायला. दस्तगीरनं सुरेख पांढऱ्या अक्षरांत ते लिहून ठेवलं होतं. चांगदेवनं फोटो घेतला, पण त्याला उठवेना. अंधारून आलं. वीज गेली.

"भाऊ," दस्तगीर म्हणाला, "आलाच आहात तर घटकाभर बसा. आतल्या स्टुलावर. भिंतीकडं तोंड करून."

"कशाला?"

"तुमचा मुलगा यायची वेळ झाली."

चांगदेव चिडून उठला असता. पण फोटो मांडीवर होता आणि अंगात वर्षाचा शीण होता. तो बसला. दस्तगीर त्याच्या शेजारी भिंतीला टेकला. बाजूला असल्यामुळे त्याला पाट्या नीट दिसणार नव्हत्या, त्याला फक्त चांगदेवचं तोंड दिसत होतं.

आधी काहीच नाही. मग चांगदेवच्या बुबुळांत दोन बारीक तांबडे ठिपके आले आणि हळूहळू मोठे होत गेले. चांगदेवच्या तोंडाचा आ झाला. त्याला पाटीवर आपल्याच पटक्याची सावली दिसली असणार, कारण त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"कोन हाय मागं?" तो पुटपुटला.

"वळू नका. मोजा."

"…अठ्ठावीस, एकोनतीस…" आणि ठिपके विझले. चांगदेवनं मांडीवरचा फोटो छातीशी धरला. मग तो म्हणाला, "इतका हळू?"

"रोज इतकाच."

"आन मग एकदम इझतं कशानं?"

हे विचारलं खरं, पण चांगदेवला उत्तर ठाऊकच होतं. बापाच्या तोंडून आलेला तो हुंदका दस्तगीर जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाची पंगत उठली. दिवस कलल्यावर चांगदेवनं भरतला रिकामी ट्रॉली जोडायला सांगितली. दस्तगीर पाट्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन फळीवर बसला. बाभळीच्या वळणावर चांगदेव म्हणाला, "हितंच. त्याच जागंला." भरतनं ट्रॅक्टर बंद केला आणि स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसून राहिला.

दस्तगीरनं फाळक्याला पाट्या अडकवल्या. मग तो आणि चांगदेव लोणीच्या बाजूला पंचवीस-तीस पावलं मागे गेले आणि ट्रॉलीकडे तोंड करून रस्त्यावर उभे राहिले. कडेच्या उसात वारा पडला होता. कुठं कुत्रं नाही, रातकिडा नाही. अंधार दाट होत गेला तशी ट्रॉली दिसेनाशी झाली. आठ हात रुंद लोखंडाचा डोंगर समोर उभा, आणि डोळ्यांना तिथं रिकामा रस्ता. सुदर्शनला असंच दिसलं असणार, असं दस्तगीरला वाटलं.

मग अंधारात, छातीच्या उंचीवर, दोन फिकट तांबडे चौकोन उमटले. डाव्याचा खालचा कोपरा तुटका होता.

चांगदेवनं दस्तगीरचं मनगट धरलं. मागे लोणीपर्यंत रस्ता मोकळा होता, इंजिनाचा आवाज नव्हता, पण पाट्या उजळत होत्या. दोघांच्या पाठीवर ऊब जाणवायला लागली. चांगदेव ओठांतल्या ओठांत मोजत होता. वीस. पाट्यांवर दोन सावल्या आल्या, एक पटक्याची, एक टोपीची. पंचवीस. मानेला कोमट वारा लागला, त्यात पेट्रोलचा आणि दुधाचा वास होता. डेअरीतून आलेल्या सुदर्शनच्या कपड्यांना यायचा तोच. अठ्ठावीस. चांगदेवची बोटं दस्तगीरच्या मनगटात रुतली. एकोणतीस. तीस.

पाट्या विझल्या नाहीत.

एकतीस. बत्तीस. उजेड वाढायचा थांबला आणि आहे तिथंच स्थिर राहिला, समोर काही दिसलं की माणूस ब्रेक दाबून क्षणभर बघत राहतो तसा. मग डाव्या पाटीचा उजेड कमी झाला. उजवी थोडा वेळ लालच राहिली, मग तीही बाजूनं सावकाश मावळली. ट्रॉलीला वळसा घालून, उजव्या अंगानं, कुणीतरी पुढे गेलं होतं.

ट्रॅक्टरवर बसलेला भरत ताडकन उठून उभा राहिला. "आबा!" तो ओरडला. "माझ्या बाजूनं कुनीतरी गेलं. दादाच्या गाडीवानी वास आला!"

"गेला," चांगदेव म्हणाला. "घरी गेला."

तिघं ट्रॉलीपाशी जमले. चांगदेव सवयीनं पाटीचा हूक काढायला वाकला, तशी दस्तगीरनं त्याच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या, भाऊ." चांगदेवनं हात मागे घेतला. त्या पाट्या पहिल्यांदाच ट्रॉलीवर बसून रस्त्यानं घरी निघाल्या. वाटेत भरत एकदाच बोलला. "आबा, अंधार पडला की माझ्यानं ट्रॉली हाकवत न्हाई. कवाधरनं सांगायचं व्हतं मला. उद्या चौकीत मी सोता जातो. माझं काय व्हायचं ते हू दे." चांगदेवनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

अंगणात अश्विनी पंगतीची भांडी घासत होती. चांगदेव जोडे न काढताच तिच्यासमोर उभा राहिला.

"पोरी, हात धू आन ऐक. त्या दिशी पाट्या ट्रॉलीवर न्हवत्या. गोठ्यात व्हत्या. मागनं मी लावाय लावल्या. सुदर्शन भरधाव न्हवता. माझं पोरगं हळूच येत व्हतं."

अश्विनीनं राखेचे हात तसेच धरून सासऱ्याकडे बघितलं, मग दस्तगीरकडे. दस्तगीरनं मान खाली घातली. "खरं आहे, पोरी. हूक मी अडकवले. तू आलीस तेव्हाही मी बोललो नाही."

ती पदराला हात पुसून आत गेली आणि बॅटरी घेऊन बाहेर आली. ट्रॉलीच्या मागे उभी राहून तिनं बॅटरी कपाळाशी धरली, पाट्यांवर उजेड टाकला आणि एकेक पाऊल मागे मागे जायला लागली. अंगण संपलं, गोठा संपला, ती रस्त्याला लागली. अंधारात तिची पावलं मोजल्याचा आवाज येत होता. "…साठ… एकसष्ट…" दस्तगीरला बाजूनं पाट्या दिसत नव्हत्या, नुसता लांब जाणारा बॅटरीचा उजेड दिसत होता. दीडशेच्या पुढे कुठंतरी आवाज थांबला. तिथूनही तिला त्या दिसत असणार.

"मामा," लांबून तिनं सासऱ्याला हाक दिली, "दिसत्यात वं! हितनं बी दिसत्यात! त्यांना पन दिसल्या असत्या!"

बॅटरी हलली, खाली गेली आणि जमिनीवर पडली. आणि वर्षभर न रडलेली अश्विनी त्या अंधारात धाय मोकलून रडायला लागली.